मांडवगणचं मशीन मॅनेजर झालं

घोड नदीवरच्या उपसा सिंचन संस्थेत गौतमी लागली आणि तिनं पहिल्याच महिन्यात तीन मशीनं एकमेकांना जोडली. एक शिरूरच्या ऑफिसात, एक तिच्या गावी दौंडला आणि एक मांडवगण फराट्याच्या पंपहाऊसवर. कुणाच्या शेताला कधी पाणी सुटणार, याचे मेसेज ही मशीनं पाठवायची. कोणतं काम कुणी करायचं ते शिरूरचं मशीन ठरवायचं, तो मॅनेजर. बाकी दोन वर्कर. एखादा वर्कर बंद पडला, तर मॅनेजर त्याचं काम दुसऱ्याला द्यायचा.

पंपहाऊस रोहिदास मामांच्या ताब्यात होतं. एके दिवशी त्यांनी स्क्रीनवरची यादी नीट वाचली आणि गौतमीला फोन लावला.

"मांडवगणपुढं काय लिवलंय ग ह्ये?"

"वर्कर, मामा."

"आन् शिरूरपुढं?"

"मॅनेजर."

"एकतीस वर्षं पंप चालवतोय मी. शिरूरच्या मशीनला येऊन दोन महिनं झालं न्हाईत."

"मामा, ते मशीनचं काम आहे, तुमचं पद नाही."

"मला कळतंय. गावाला कळत न्हाई."

शिरूरच्या ऑफिसातली सुवर्णा त्यात तेल ओतायची. सकाळी फोन केला की म्हणायची, "काय मामा, साहेबांचा निरोप मिळाला का?" मामा तीन दिवस तिच्याशी फक्त 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच बोलले.

शेवटी गौतमीनं मांडवगणला मॅनेजर केलं. खरं तर दोन मॅनेजर धोक्याचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. निर्णयाला निम्म्याहून जास्त मॅनेजर हजर लागतात. दोघांतला एक गेला की उरलेल्याला काहीच ठरवता येत नाही. म्हणून दौंडलाही ती मॅनेजर करणार होती. पण दौंडची डिस्क बदलायची होती, म्हणून ते मशीन तिनं कामातून बाजूला काढून ठेवलं होतं. एका दिवसाचा तर प्रश्न, असं तिनं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला शिरूरच्या ऑफिसात वायरमन आला, बोर्ड उघडला आणि तीन वाजेपर्यंत लाईट नाही म्हणाला. सुवर्णानं निवांत मशीन बंद केलं. मेसेज त्याच मशीनवरून जात होते. ते थांबले.

मामांचा फोन आला तेव्हा गौतमी दौंडला हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसली होती.

"अगं, बाराला धुरपदाबाईची पाण्याची पाळी हाय. तिला मेसेजच न्हाई. आता मी मॅनेजर हाय ना? मग दे की त्ये काम माझ्या मशीनला."

"एकट्या मॅनेजरला ठरवता येत नाही, मामा. शिरूर हजर पाहिजे."

"म्हंजी साहेब केलंस, पर सही चालंना?"

गौतमीला हसू आलं आणि लाजही वाटली. "चूक माझी आहे, मामा. दोघांवर सोडायलाच नको होतं."

पाणी थांबवता येत नव्हतं. खाली अजून चौघांच्या पाळ्या होत्या. आणि दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला, माणूस नसेल, तर सगळं पाणी शेजारच्या तोडणीला आलेल्या शेवंतीत जाणार होतं. मामांनी मोपेड काढली. धुरपदाबाई घरी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मेसेज कुठं आलाय?" त्या म्हणाल्या.

"मीच मेसेज हाय. चला, बसा मागं."

खांद्यावर खोरं घेऊन त्या मागं बसल्या. बाराला पाणी आलं ते बरोबर कांद्याच्या वाफ्यात. पुढच्या चौघांनाही मामा बांधाबांधानं सांगून आले.

साडेतीनला शिरूर सुरू झालं. गौतमीनं लगेच दौंडला कामावर घेतलं, मॅनेजर केलं, आणि खात्रीसाठी सुवर्णाला शिरूर मुद्दाम बंद करायला सांगितलं. आता उरलेले दोघं मतं देऊन आपल्यातला एक लीडर, म्हणजे मुख्य मॅनेजर, निवडणार होते.

"मामा, स्क्रीन बघा."

मामांनी घाम पुसला, चष्मा लावला. मेसेज सुरळीत जात होते. पण लीडर हा शब्द दौंडपुढं आला होता.

"दौंडला मत कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच मशीननं, मामा."