जंगबारच्या अंगणातली भाकरी

बोट मुंबईहून सुटल्यापासून चंपाबाईंच्या पोटात गरम असं काही गेलं नव्हतं. दशम्या होत्या तोवर दशम्या खाल्ल्या, त्या संपल्यावर चुरमुरे, फुटाणे, गूळ आणि खारका. डेकवरच्या उतारूंसाठी बोटीवर चुली होत्या, नव्हत्या असं नाही. पण त्याच चुलीवर कुणी मासळी भाजायचं, कुणी कांदा परतायचं. निपाणीच्या जैन घरात जन्म गेलेल्या चंपाबाईंनी त्या चुलीकडं एकदाच बघितलं आणि नाकाला पदर लावून आपल्या वळकटीवर येऊन बसल्या.

निघाल्या होत्या आफ्रिकेत, दारेसलामला. लेक ब्राह्मी तिथं होती. जावई रेल्वेत नोकरीला, आणि लेकीचं पहिलंच बाळंतपण. निपाणीच्या पलीकडं कोल्हापूर आणि अलीकडं बेळगाव, एवढाच मुलूख बघितलेल्या बाईनं समुद्र ओलांडायचा म्हणजे घरात गहजबच झाला होता. शेवटी भावाचा मुलगा रायगोंडा सोबतीला आला, तेव्हा कुठं सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मोंबासाला डेकवाल्यांना खाली उतरूच दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोट जंगबार, म्हणजे झांझिबार, बेटाशी थांबली आणि शिपायानं ओरडून सांगितलं, "गावात जायचं त्यांनी जावं, चारच्या आत परत या."

रायगोंडा उड्याच मारायला लागला. "आत्ती, सुलतानाचा वाडा हाय म्हणं हितं! लई मोठा!"

"वाडा ऱ्हाऊ दे," चंपाबाई म्हणाल्या. "एखादी धरमशाळा बघ. चूल पेटवायला जागा घावली तर बास."

बोटीवरच्या एका कच्छी व्यापाऱ्यानं धर्मशाळेचा पत्ता सांगितला होता. चंपाबाईंनी ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ, तिखट-मीठ, तेलाची बाटली आणि पाणी गाळायचं फडकं एका गाठोड्यात बांधलं आणि होडीत बसून दोघं किनाऱ्याला लागली.

पण ते गाव म्हणजे नुसता बोळांचा गुंता. दोन्ही बाजूंना उंच घरं, पितळी खिळे ठोकलेले नक्षीचे भलेमोठे दरवाजे, आणि खाली चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या. रायगोंडा हिंदीत विचारायचा, समोरचा हसून भलतीकडंच हात दाखवायचा. त्याच त्या मशिदीपाशी दोघं पुन्हा पुन्हा येऊन थडकली. ऊन चढलं. शेवटी एका घराच्या दगडी कट्ट्यावर चंपाबाईंनी गाठोडं ठेवलं आणि बसकण मारली.

"अरं रायगोंडा, थांब की रं जरा! पाय न्हाईत व्हय मला? नुसतं पळतोय घोड्यागत!"

वरची खिडकी फाडकन उघडली. पांढऱ्या केसांची, झगा घातलेली एक बाई खाली वाकून बघायला लागली. मग खिडकी तशीच उघडी ठेवून ती आत गेली, जिन्यावर चपला वाजल्या आणि तो नक्षीचा दरवाजा उघडला.

"तुम्ही बेळगावकडच्या व्हय?" बाईनं विचारलं. तिला धाप लागली होती.

चंपाबाई बघतच राहिल्या. "निपाणीच्या. तुमाला आमची भाषा कशी येती?"

"अगो बाये, मी बेळगावच्या शहापुरात वाढले! इझाबेल माझं नाव. बाप बेळगावच्या पलटणीत बँड वाजवायचा. आमी गोव्याचे, पण ऱ्हायचो शहापुरात, मागांच्या गल्लीत. लग्न होऊन हितं आले ती हितंच. नवरा सुलतानाच्या बँडात होता, आता तोबी न्हाय. 'घोड्यागत' हा शब्द किती वर्सांनी ऐकला मी!" आणि बोलता बोलता बाईचे डोळे भरून आले.

तिनं दोघांना हाताला धरूनच आत नेलं. खुर्च्या पुढं केल्या, कॉफी ठेवते म्हणाली, कपाटातून केक काढला. चंपाबाई अवघडल्या. नको म्हणवेना आणि घेववेना.

"बाई, राग मानू नका," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी न्हाय खाऊ शकत. आमचं जरा…"

इझाबेलबाईंचा चेहरा पडला. पण क्षणभरच. त्यांनी चंपाबाईंच्या गाठोड्यातून डोकावणाऱ्या पाणी गाळायच्या फडक्याकडं बघितलं, मग चंपाबाईंकडं, आणि कपाळावर हात मारला.

"तुम्ही जैन! आधी सांगायचं न्हाय? आमच्या शेजारी पद्माक्का होती. कांदा न्हाय, बटाटा न्हाय, दिवस बुडायच्या आत जेवण. सगळं म्हायती हाय मला. बसा तुम्ही. माझ्या भांड्याला हात लावायची गरजच न्हाय."

आणि खरोखरच, केक कपाटात परत ठेवून त्या बाजारात गेल्या आणि कोरी मातीची भांडी, एक खापराचा तवा आणि केळीची पानं घेऊन आल्या. मागच्या अंगणात तीन दगड मांडले, नारळाची सोडणं आणि लाकडं आणून टाकली आणि विहिरीकडं बोट दाखवून स्वतः लांब उभ्या राहिल्या.

"पाणी तुम्हीच काढा, आक्का. गोडं हाय."

चंपाबाईंनी नव्या मडक्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून पाणी गाळलं. मग ते फडकं गाळलेल्या पाण्यानं धुऊन, पाण्यातल्या जिवांना जपून ते धुवण परत विहिरीत सोडलं. पाण्याची ओंजळ तोंडावर मारली आणि कितीतरी वेळ नुसत्या तशाच उभ्या राहिल्या. बोटीवरच्या खारट वाऱ्यानं चामडी ओढून आली होती. ती सैल झाली.

"तू जा रं," त्यांनी रायगोंडाला सांगितलं. "वाडा बघून ये. जेवायला मात्र वेळंत ये."

तो गेला. चूल पेटली. झुणक्याला फोडणी बसली तसा अंगणभर तिखटाचा वास सुटला. इझाबेलबाई लांब पायरीवर बसून शहापूरच्या गोष्टी सांगत होत्या: दिवसभर चालणारी मागांची खटखट, रंगवून दोरीवर वाळत घातलेलं सूत, खडेबाजारातली जत्रेची गर्दी. चंपाबाई हुंकार देत पीठ मळत होत्या.

"पद्माक्का मला लई जीव लावायची," इझाबेलबाई म्हणाल्या. "पण चुलीजवळ येऊ द्यायची न्हाय. भाकरी वरनं हातात टाकायची. मला थापायला शिकायचं होतं, आक्का. राहूनच गेलं ते."

त्यात कुरकूर नव्हती. पाऊस पडला, ऊन पडलं म्हणावं तसं त्या सहज बोलल्या होत्या. पण चंपाबाईंचा पिठातला हात थांबला. आपणही जन्मभर कितीजणांच्या हातात अशी वरूनच भाकरी टाकली, हे त्यांना आठवलं. त्यात वावगं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. आणि आज जिनं आपली विहीर दिली, लाकडं दिली, अंगण मोकळं करून दिलं, ती स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी लांब बसली होती.

"हात धुऊन या," चंपाबाई म्हणाल्या.

"मी?"

"मग दुसरं कोण हाय हितं? या लवकर, तवा तापलाय."

इझाबेलबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले आणि झगा सावरत शेजारी बसल्या. पहिली भाकरी उचलताना फाटली. "जोर कमी. हलकं हलकं थापायचं, लहान पोराला थोपटल्यागत," चंपाबाईंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवून दाखवलं. दुसरी भाकरी जाडजूड झाली, पण एका बाजूनं टम्म फुगली. दोघी पोरींसारख्या हसल्या.

ती जाड भाकरी चंपाबाईंनी आपल्या पानावर घेतली.

एवढ्यात रायगोंडा आला. आत्तीच्या चुलीजवळ ख्रिस्ती बाई बघून तो दारातच थबकला.

"बघतोस काय?" चंपाबाई म्हणाल्या. "बस जेवायला."

तिघं एका ओळीत बसली. गरम भाकरी, झुणका, वर कच्चं तेल. पहिला घास पोटात गेला आणि चंपाबाईंना हुंदकाच आला. इझाबेलबाई आपल्या डोळे मिटून चावत होत्या.

निघायच्या वेळी इझाबेलबाई बंदरापर्यंत आल्या. बाळंतिणीसाठी म्हणून लवंगांची पुडी दिली. चंपाबाईंनी उरलेलं पीठ त्यांच्या हातात ठेवलं. लेकीकडं पोचल्यावर तिथं दुसरं होतंच.

"परतीची बोट हितं थांबंल न थांबंल," चंपाबाई म्हणाल्या. "तुमचं कसं फेडू, बाई?"

"आज भाकरी थापली मी," इझाबेलबाई म्हणाल्या. "आता फेडायचं काय राहिलं?"

ब्राह्मीला मुलगी झाली, सुखरूप झाली. परतीची बोट जंगबारला थांबली नाही. निपाणीला आल्यावर बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, ओट्यावर बायका गोळा झाल्या आणि चंपाबाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. शेजारच्या शालूबाईंच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे तिच्या हातची भाकरी खाल्लीस तू?"

"व्हय, खाल्ली. जाड हुती, एका बाजूनं कच्चीबी हुती. पोटभर खाल्ली."

शालूबाई काहीतरी पुटपुटल्या आणि उठून गेल्या. काही दिवस त्यांच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणंही आलं नाही. चंपाबाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही.

रोज बस्तीत हात जोडले की त्या आधी घरच्यांची नावं घ्यायच्या, मग दारेसलामच्या लेकीचं, नातीचं, आणि सगळ्यात शेवटी त्या बाईचं. नाव काही त्यांना नीट यायचं नाही. त्या आपल्या 'इजाबाई' म्हणायच्या.