माहुलीच्या पठारावरची बायजा

धुकं इतकं दाट असे की तंबूच्या दारातून समोरचा खडकही दिसत नसे; पण त्या पांढऱ्या, ओलसर निःशब्दतेतून हंड्यातल्या पाण्याची डुचमळ ऐकू आली की कळायचं, बायजा टाक्यावरून परत येते आहे. आधी तो नाद, मग तिच्या अनवाणी पावलांखालच्या ओल्या गवताची सळसळ, आणि शेवटी धुक्याचाच एखादा तुकडा घट्ट होऊन त्याला देह फुटावा तशी ती स्वतः: उंच, सडसडीत, कळव्याच्या मिठागरांतल्या उन्हानं रापलेली, कोऱ्या कपाळाची.

मी तेव्हा कल्याणचा एक तरुण कारकून होतो, मोजणीच्या कामावर नकाशे काढायला नव्यानंच लागलेला. पाऊस सरल्यावर आमची तुकडी माहुलीच्या पठारावर मुक्कामाला चढली. माथ्याचा सुळका तिथून अगदी डोक्यावर होता. त्यावर निशाण उभं राहिलं की दूरदूरच्या डोंगरांवरून दुर्बीण लावून मोजणी होणार होती. पण आकाश निवळत नव्हतं. गोरा साहेब तंबूत पुस्तक वाचत बसे, दोर-निशाणं वाहणारे मोजणीचे खलाशी शेकोटीभोवती गप्पा छाटत, आणि त्या सगळ्यांना पाणी पुरवायचं काम बायजाकडे होतं.

आदल्या वर्षी याच तुकडीत खलाशी असलेला तिचा नवरा धर्मा निशाणासाठी चढताना याच सुळक्यावरून पडून मेला होता. वरून त्याचा दोर धरला होता रावजी मुकादमानं. मुकादम साहेबाला म्हणाला, धर्मा प्यायलेला होता, तोल गेला. आणि साहेबानं ते मानलं. ज्या माणसाला दारूच्या वासानंही मळमळून येई, त्याचं नाव कळव्यात 'दारुडा' म्हणून राहिलं. प्रेत जळून गेलं, पण तो शब्द घरातून हलेना. खरं काय ते फक्त सखाराम खलाशानं पाहिलं होतं: चिलीम पेटवायला मुकादमानं दोर हातातून सोडला होता. पोटाच्या भीतीनं सखाराम गप्प बसला आणि पुढे न राहवून एक दिवस तिला सांगून मोकळा झाला. म्हणून ती इथं आली होती. मुकादमानंच तिला कामावर घेतलं, बहुधा चारचौघांत दयाळू दिसावं म्हणून.

तिचा संताप ज्वालेसारखा नव्हता. मिठागरात खारं पाणी उन्हाखाली निश्चल पडून असतं, वरून काहीच घडताना दिसत नाही, आणि आतल्या आत मीठ धरत जातं. तसा तो धरत होता. ती एकेका खलाशाच्या ओंजळीत पाणी ओतायची आणि ओतता ओतता हलक्या आवाजात काही बोलायची. पिणाऱ्याची मान वर येई, नजर मुकादमाच्या तंबूकडे जाई, आणि ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून जाई.

"बायजा, या जागी तुला राहवतं तरी कसं?" मी एकदा विचारलं.

"हितंच ऱ्हायाचं हाय, भाऊ," ती म्हणाली. "त्या रावजीला चढताना बगाचं हाय."

एका सकाळी धुकं विरलं. पठार सोनेरी झालं, खाली दूरवर कल्याणच्या खाडीची रेघ चमकू लागली. सुळक्याच्या पायथ्याशी मुकादमानं कमरेला दोर बांधला आणि वरच्या टप्प्यावर जायच्या खलाशांपुढे त्याचं दुसरं टोक धरलं.

"घ्या रे!"

कुणी हात पुढे केला नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, शिवी दिली, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. साहेब पुढे आला.

"साहेब, यानं धर्माचा दोर सोडला," सखाराम म्हणाला. "मी बघितलाय. आम्ही याचा धरणार नाय."

"खोटं आहे!"

तेव्हा बायजा हंडा खाली ठेवून उभी राहिली. "माजा मानूस पिला होता, रावजी? त्या सुलक्याकडं बगून बोल."

मुकादमानं वर पाहिलं. त्या निरभ्र निळाईत सुळका नुसता उभा होता. "नव्हता," तो म्हणाला. "चिलीम पेटवत होतो मी."

साहेबानं त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. खाली उतरायची वाट लांब आणि उन्हाची. जाताना त्यानं तिच्यापुढे ओंजळ धरली. बायजानं हंडा उचलला, आणि सगळं पाणी त्याच्या पायांपुढच्या खडकावर सावकाश ओतून दिलं. तो गेला. सखारामच्या हातानं निशाण उभं राहिलं. मला वाटलं, आता ती रडेल.

"येवढ्यानं काय झालं, भाऊ?" ती म्हणाली. "तो आपल्या पायानं गेला. माजा मानूस झोळीतून गेल्ता."

पुष्कळ वर्षांनी रावजी गेल्याचं कळलं, तेव्हा मी मुद्दाम कळव्याला जाऊन तिला सांगितलं. तिचे केस पिकले होते. हातातलं काम न थांबवता तिनं विचारलं, "घरी मेला?"

"हो. मुलं जवळ होती."

"मंग नाय फिटलं," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

आता तीही नाही. काळ सगळं निववतो असं मीही अनेकांना सांगत आलो, पण तिची ती पाठ आठवली की ते खरं वाटत नाही. धर्माला मी कधी पाहिलं नव्हतं. तरी या उतारवयात संध्याकाळी माहुलीवरचं ऊन कलताना, न पाहिलेल्या त्या माणसाचं नसणं मला एखाद्या आप्ताच्या नसण्यासारखं जाणवतं.