हेझलकोमची पायवाट

सुवर्णाबाई गद्रे यांच्या पत्राला शशिकांतरावांनी अठ्ठावीस वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. विसरले होते असं नाही. पत्र त्यांनी स्वतःच्याच पुस्तकात, एकशेबाराव्या पानाशी ठेवलं होतं, आणि पुण्यातलं घर आवरून ते अमेरिकेत श्रूजबरीला मुलाकडे राहायला आले तेव्हा पुस्तकाबरोबर पत्रही आलं. पातळ निळा कागद, शाळेतल्या बाईंसारखं नेटकं अक्षर. उघडून वाचायची गरजच नव्हती. मजकूर पाठ होता.

'आम्ही इंग्लंडात हेझलकोमपासून चाळीस मैलांवर राहतो,' बाईंनी लिहिलं होतं. 'शेवटच्या आजारात माझ्या यजमानांना मी तुमचं पुस्तक वाचून दाखवत असे. बीच जातीच्या झाडांमधून पायवाट एकदम खाली वळते आणि खाली गाव दिसतं, ती जागा त्यांच्या मनात बसली. माझी राख तिथे टाक, असं सांगून ते गेले. तीन रविवार राखेचा डबा घेऊन मी ते रान हिंडले. जागा सापडत नाही. चर्चच्या कोणत्या अंगाला, एवढंच कळवाल का?'

एवढंच कळवायचं होतं, आणि नेमकं तेवढंच शशिकांतरावांना ठाऊक नव्हतं. ते हेझलकोमला कधी गेलेच नव्हते.

पुण्यात ग्रंथालयात नोकरीला असताना चार आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी ते लंडनला गेले होते. शेवटच्या रविवारी हेझलकोमचं तिकीट काढून स्टेशनवर पोचलेही. पण गावात उतरल्यावर कुणी विचारलं, काय काम काढलंत, तर काय सांगायचं? याच विचारात ते फलाटावर उभे राहिले आणि गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. स्टेशनातल्या दुकानात त्या गावाचं चित्र असलेलं पोस्टकार्ड मिळालं, ते घेऊन ते वसतिगृहावर परतले. पुण्याला आल्यावर बायकोनं कार्ड पाहून विचारलं, "इथे जाऊन आलात?" ते "हं" म्हणाले.

त्या 'हं'चं दोन वर्षांत पुस्तक झालं. नकाशे, जुनी मासिकं, पक्ष्यांवरची जाडजूड पुस्तकं ग्रंथालयात हाताशी होतीच. लोकांना आवडलं. कुणी त्यांच्या लाजरेपणाला विनय म्हणालं, आणि तेही त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

यंदा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. एप्रिलमधल्या एका शनिवारी मुलानं, राजीवनं, त्यांना गाडीत बसवलं. नात इशिता मागे बसली.

"जागा बुक केलीय बाबा. हॉल नाही. बघालच तुम्ही."

"देवळाचा हॉल काय वाईट होता?"

"तिथे पार्किंगचा प्रॉब्लेम असतो. आणि दरवेळी तीच पांढरी टेबलं, तोच माइक. तुमच्यासाठी जरा स्पेशल नको?"

"आजोबा, जस्ट वेट," मागून इशिता म्हणाली. "यू विल क्राय."

पाऊण तासानं गाडी एका कमानीखालून आत शिरली. लग्नं आणि वाढदिवस यांच्यासाठी भाड्यानं मिळणारं ते 'इंग्लिश रानातलं गाव' होतं. अजून झाडांना पालवी फुटली नव्हती, सगळीकडे चिखल होता, आणि त्या चिखलात कापडाची निळी फुलं ओळीनं टोचलेली होती. घरांवर पेंढा शाकारलेला दिसला. शशिकांतरावांनी हात लावला तर प्लॅस्टिक. हिवाळ्यानं कडक झालेले त्याचे धागे बोटाला चिकटले. झुडपात ठेवलेल्या स्पीकरमधून एक पक्षी गात होता. दर चाळीस सेकंदांनी तो त्याच जागी अडखळायचा. ओढ्याला जलतरण तलावाचा वास येत होता. भिंतींवर शेवाळ रंगवलेलं होतं, आणि ते रंगवताना ओघळलेले थेंबही तसेच वाळले होते.

शशिकांतरावांना शिसारी आली. जिभेवर काहीतरी गोड आणि शिळं साचल्यासारखं वाटलं. त्यांनी हात रुमालाला पुसला, मग पुन्हा पुसला.

"कसं वाटतंय?" राजीवनं विचारलं.

"बरं आहे."

"बाबांचं 'बरं आहे' म्हणजे डिस्टिंक्शन," राजीव इशिताला म्हणाला.

जागेचा मालक डेल भेटायला आला. साठीचा, कमरेला मोजपट्टी लावलेला, हसरा माणूस. पूर्वी घरांच्या आतल्या भिंती बांधायची कंत्राटं घ्यायचा. हे सगळं स्वतःच्या हातानं केलंय, असं त्यानं सांगितलं. इंग्लंड? नाही, कधी गेलो नाही. फोटो बघून बांधलं. लोक विचारतात तेव्हा त्यांनाही हेच सांगतो. त्याला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"आणि आता सरप्राइज," राजीव म्हणाला. "इशितानं तुमचं ते फेमस पान ट्रान्सलेट करून डेलला पाठवलं होतं. चला."

चार पावलं चढ होता. दोन्ही बाजूंना करड्या, गुळगुळीत खोडांची झाडं होती. फोमची. एकाच्या बुंध्याशी विजेचं सॉकेट होतं. पुढे पायवाट एकदम खाली वळली आणि समोर गाव दिसलं: प्लायवूडच्या सात घरांच्या दर्शनी भिंती, मागून टेकू दिलेल्या, मध्ये चर्चचा छोटा मनोरा.

शशिकांतराव थांबले. एकशेबारावं पान समोर उभं होतं. एक ओळ चुकली नव्हती. डाव्या हाताची पहिली चिमणी जरा कलती, मनोऱ्याच्या खाली दगडी पायऱ्या तीन. सुवर्णाबाईंना तीन रविवार हिंडून जी जागा सापडली नाही, ती ही होती. जगात ती असलीच तर अशीच असणार होती, सॉकेटसकट.

डेलनं विचारलं, नीट जमलंय का? तुम्ही तर खरं गाव पाहिलेलं आहे.

"अगदी बरोबर आहे," शशिकांतराव म्हणाले.

"इथे उभं राहून तुम्ही ते पान वाचायचं," राजीव सांगत होता. "मग सगळ्यांना पुस्तक. शंभर कॉपीज प्रिंटला दिल्यात, रिटर्न गिफ्ट म्हणून. बाबा? अहो, कुठे निघालात?"

ते भिंतींच्या मागे गेले. मागे खरी दलदल होती. तिच्यात रुंद, तुकतुकीत हिरवी पानं उगवली होती आणि त्यांना कुजलेल्या मांसासारखी घाण येत होती. शशिकांतराव टेकूला धरून वाकले आणि सकाळचे पोहे ओकले.

डेल मागोमाग धावत आला आणि माफी मागू लागला. स्कंक कॅबेज म्हणतात त्याला, दर वसंतात येतं. या आवारात मी न लावलेलं तेवढं एकच आहे, आणि तेच जात नाही. कार्यक्रमाच्या दिवशी फवारा मारून देईन, वास येणार नाही.

"नको," शशिकांतराव म्हणाले. "असू दे ते."

ते गाडीत येऊन बसले. राजीवनं पाण्याची बाटली दिली, खिडकी खाली केली.

"मी हेझलकोमला कधी गेलो नव्हतो," शशिकांतराव म्हणाले.

"वेट, व्हॉट?" इशिता.

त्यांनी सगळं सांगितलं. फलाट, कार्ड, 'हं'. मग पत्र. राखेचं वाक्यही त्यांनी पुरं केलं.

राजीव रस्त्याकडे बघत होता. "आई सगळ्यांना सांगायची. माझा निबंध होता चौथीत. माझे बाबा आणि हेझलकोम. पहिला नंबर आला होता."

"मीच तपासून दिला होता."

"हो. तुम्ही त्यात एक खारही घातली होती." तो हसणार असं वाटलं, पण हसला नाही. "आणि ती बाई डबा घेऊन फिरत होती. यू नेव्हर रोट बॅक. तेव्हा मी कॉलेजात होतो बाबा, मला सांगितलं असतंत तर मी लिहिलं असतं."

"तू खरं लिहिलं असतंस म्हणूनच सांगितलं नाही."

घर आल्यावर गाडी बंद करून राजीव तसाच बसून राहिला. "लोक येणारच," शेवटी म्हणाला. "जेवण सांगितलंय. पुस्तकांचं काय करू?"

"थांबव. आणि ती जागाही नको."

"डिपॉझिट जाईल. जाऊ दे." दार उघडता उघडता तो म्हणाला, "देवळात सांगतो. तुमचा तो माइक."

दुपारी शशिकांतराव लिहायला बसले. पहिलं उत्तर चार पानी झालं. त्यात फलाटावरचं धुकं होतं, आगगाडीची लांबत जाणारी शिट्टी होती. धुकं त्या दिवशी नव्हतंच. शिट्टीही नव्हती. वाचताना सकाळची ती गोड, शिळी चव जिभेवर परत आली, आणि त्यांनी कागद फाडले. दुसऱ्यात आपण किती भित्रे, किती अपात्र, हेच तीन परिच्छेदभर झालं होतं. तेही फाडलं. तिसरं सहा ओळींचं झालं.

'सौ. सुवर्णाबाई,' असं लिहून त्यांनी 'सौ.' खोडलं. मग खाडाखोड दिसते म्हणून नवा कागद घेतला.

'श्रीमती सुवर्णाबाई गद्रे यांस. तुम्ही विचारलेली जागा चर्चच्या कोणत्याच अंगाला नाही. ती मी नकाशावरून रचली. हेझलकोम मी पाहिलेलं नाही. हे तेव्हाच कळवायला हवं होतं, म्हणजे तुमचे पुढचे रविवार वाचले असते. मी लाजेनं गप्प राहिलो. राख तुम्ही कुठे टाकलीत हे विचारायचा मला अधिकार नाही. शशिकांत वर्तक.'

इशितानं परदेशी टपालाचं गोल तिकीट शोधून दिलं. पत्ता वाचून म्हणाली, "आजोबा, ट्वेंटी-एट इयर्स. शी माइट नॉट बी देअर."

"नसतील."

"मग?"

"मग पत्र परत येईल. मागे या घराचा पत्ता घातलाय. तेव्हा बाबांना दाखव, लपवू नकोस."

दोघं चालत कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपाशी गेली. शशिकांतरावांनी झाकणाची मूठ ओढून पाकीट आत टाकलं आणि झाकण सोडलं. मग पाकीट अडकलं तर नाही ना, म्हणून पुन्हा उघडून पाहिलं. आत काही दिसलं नाही.