फुटलेल्या दहा बाटल्या

“शून्य दाखवतंय, काका,” फार्मसिस्ट मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली. “सर्पदंशावरच्या औषधाच्या होत्या त्या बाटल्या सकाळच्या पेशंटला संपल्या. नवा माल उद्या.”

दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. “वीटभट्टीवरची बाई आहे, साप चावलाय. मोठ्या दवाखान्यात पाठवायचं तर दोन तास. तेवढा वेळ नाही तिच्याकडे.”

औषधभांडारात काकांची उभी हयात गेली होती. वह्यांच्या काळात एकदा असंच कपाट रिकामं निघालं आणि एक माणूस डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून दहा बाटल्या बाजूला काढून ठेवायची काकांची रीत. कॉम्प्युटर आला, एकेक बाटली मोजू लागला, तर काकांनी त्यालाही गुंडाळलं. दहा भरेपर्यंत महिन्याला एखादी बाटली ‘फुटली’ म्हणून नोंदवायची आणि मागच्या फ्रिजमध्ये सरकवायची. मुदत संपायच्या आत नव्या मालाशी बदलायची. “हाताला तेल लावून येता का काका?” मुलगी चिडवायची. ते हसण्यावारी न्यायचे.

आता तोंड उघडलं की खोटी नोंद कबूल. निवृत्ती आठ महिन्यांवर. एवढा हिशेब मनात आला याचीच त्यांना लाज वाटली.

“फुटल्या नाहीत त्या,” ते म्हणाले. “आहेत. दहाच्या दहा.”

संध्याकाळी बाईने डोळे उघडून पाणी मागितलं. ते ऐकून काका स्टुलावर बसलेच. इतकं हायसं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग दवाखान्याच्या मुख्य साहेबांचं बोलावणं आलं.

“आज तुम्ही रजेवर असता तर? कुणाला सापडल्या असत्या त्या?”

“म्हणून तर रजा घेत नाही, साहेब. अकरा वर्षं झाली.”

लेखी ताकीद मिळेल, साहेब म्हणाले. मग मुलीला बोलावून सांगितलं, “दहा बाटल्या कायमच्या राखीव दाखव. साठा वीसवर आला की मागणी आपोआप गेली पाहिजे.”

तिने तिथल्या तिथे नोंद केली. काका वाकून बघत होते.

“सगळ्यांना दिसेल ना गं?”

“सगळ्यांना, काका. तुम्ही नसलात तरी.”

“मग मला रजेचा अर्ज दे बाई. लेकीकडे जाऊन येतो. नात शाळेत जायला लागली म्हणे.”

“तुमच्याच कपाटात असतात की ते फॉर्म!”

काकांनी कपाट उघडलं. भांडार कोळून प्यालेला तो माणूस एकेक कप्पा चाचपत राहिला, आणि शेवटी तिलाच हाक मारली.