डांबरातलं कोकरू

"तीन तास झाले. काढा आता," मुकादम दिमो म्हणाला.

स्तामेनने फावड्याने गरम डांबराचा ढीग उकरला आणि आतलं पोतं बाहेर ओढलं. पोत्यात जाड कागद, कागदात चंदेरी वेष्टन आणि वेष्टनात कोकराची मांडी. रस्ता पुरा झाला की उरलेल्या डांबरात कोकरू भाजायचं, ही या टोळीची एकतीस वर्षांची रीत, आणि भाजणारा कायम स्तामेनच. एलेना गावाजवळच्या घाटातला रस्ता आज संपला होता. उद्या गेर्ग्योवदेन, कोकराशिवाय ज्याला कुणी सण म्हणत नाही.

यंदा मात्र त्या मांडीवर जरा जास्तच भार पडला होता. हा रस्ता नव्या डांबराचा होता, एकशे साठऐवजी एकशे वीस अंशांवर कालवलेल्या. इंजिनियर रालित्सा वयाने पोरच; तीन आठवड्यांपूर्वी तिने समजावलं होतं, "तापवायला तेल कमी लागतं, काका. हवेत कार्बन कमी जातो आणि तुमच्या छातीत धूर."

"माझ्या छातीची काळजी तू नको करूस. डांबर आहे की गार लापशी?" स्तामेनने दाताळं आपटलं होतं. "माझं कोकरू शिजवलं, तर मी त्याला डांबर म्हणेन."

सगळ्यांसमोर बोलून बसला खरा. दाताळ्याने एवढे रस्ते सारखे केलेला दुसरा माणूस कंपनीकडे नव्हता, त्यामुळे पुढचे रस्ते नव्या डांबराचे की जुन्या, ते त्यालाच विचारून ठरणार होतं. रालित्साची दोन वर्षांची धडपड अशी एका मांडीत अडकली.

स्तामेनने सुरी घातली. हाडाजवळ मांस लालच होतं.

"कच्चं राहिलं," दिमो म्हणाला. हसलं कुणीच नाही. रालित्सा आपल्या बुटांकडे बघत राहिली. तिने साधा वादही घातला नाही, आणि तेच म्हाताऱ्याला लागलं.

त्याच्याच बोलीप्रमाणे तो जिंकला होता. त्याने रस्त्याकडे पाहिलं. वळणावरसुद्धा कुठे खळगा नव्हता. तीन आठवडे दाताळं कसं लोण्यातून फिरावं तसं फिरलं होतं, डोळ्यांची आग झाली नव्हती. रात्रीचा खोकला तर असा थांबला होता, की हा श्वास घेतोय ना हे बघायला बायको पेना दोनदा उठली होती. यातलं काही त्याने टोळीत सांगितलं नव्हतं. हट्टी होता, पण खोटा नव्हता.

"मग काय कळवू कंपनीला?" दिमोने विचारलं.

"कळव, रस्ता चांगला झालाय. मांसाला घरी भट्टी असते." आणि रालित्साकडे न बघताच, "तू काय उभी राहिलीस? ते पाव उचल. सगळे माझ्याकडे चला."

पेनाने एकतीस वर्षांत डांबरातल्या कोकराला तोंड लावलं नव्हतं. त्यापेक्षा रस्ता चाटेन, म्हणायची. आज तिने मांडी हुंगली, मग नवऱ्याची कॉलर हुंगली; नेहमीचा डांबराचा धूर कशालाच नव्हता.

"हरलास वाटतं, म्हाताऱ्या?"

"हरलो."

"बरं झालं. तासाभरात होईल. जा, हातपाय धू." तिने मांडी भट्टीत सरकवली.

स्तामेन सवयीने परसात गेला आणि सदरा काढून बाहेरच्या खिळ्याला अडकवला. कामावरच्या सदऱ्याला घरात कायमचा मज्जाव होता. दर ईस्टरला पेना तिथल्या भिंतीला चुना लावायची आणि आठवड्याभरात खिळ्याखाली सदऱ्याच्या आकाराचा काळा डाग परत उमटायचा. यंदाचा चुना मात्र अजून पांढराच होता.

पेना मागून आली. तिने खिळ्यावरचा सदरा काढला आणि घरात नेऊन आपल्या झग्याशेजारी टांगला.

स्तामेन बनियनवर तिथेच थांबला. आतून टोळीचा गलका आणि भाजत्या कोकराचा वास येत होता. पांढऱ्या भिंतीवर तो एकटा खिळा त्याला उगाच केविलवाणा वाटला. आत जाताना त्याने डोक्यावरची टोपी काढून त्याला अडकवली.