आईचा हंडा

त्सुनामीनंतर मी कॉलेजच्या तुकडीबरोबर श्रीलंकेला जाऊन दोन महिने मदतछावणीत काम केलं. परत आले तेव्हा आटगावजवळच्या आमच्या गावाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर सुरू झाला.

टँकर आमच्या दारासमोरच थांबायचा, त्यामुळे आईचा हंडा कायम पहिला. टेकडीवरच्या ठाकूरवाडीतल्या बायका धापा टाकत खाली पोचेपर्यंत पाणी संपलेलं असायचं. छावणीत आमचा नियम होता, ज्याचा तंबू सगळ्यात लांब, त्याला आधी. तो मी गावात सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हंडे होते तिथेच ठेवले. माझं डोकं फिरलं. मी आईचा हंडा उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. मग इतरांनाही आपले हंडे मागे घ्यावेच लागले.

आईची पाळी यायच्या आत टँकर रिकामा झाला.

"तिकडं रांगेत तुजी आय नव्हती, संघरत्ना," ती म्हणाली.

मी हंडा घेतला आणि लांबच्या नदीच्या डोहावरून भरून आणला. चढावर मला रडू आलं, पण हंडा खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा आईचा हंडा पुन्हा पहिला होता. मी तो उचलायला वाकले, तशी शेजारीण म्हणाली, "आज तरी आयचा राहू दे गो."

"तू नको मधी बोलू," आई तिच्यावर उखडली. मग माझ्याकडे वळली. "ने मागं. पण नदीवर तूच जायचं."