हिल्डाचा नंबर

सर नॉर्मन ग्रिमशॉ यांची गाडी मी एकवीस वर्षं चालवतोय. लंडनमधल्या मोठमोठ्या बँका त्यांच्या शब्दाला मान देतात, तीन इस्पितळांच्या भिंतींवर त्यांचं नाव आहे. पण रॉचडेलच्या एका दोन खोल्यांच्या घरात त्यांचं काही चालत नाही. तिथे हिल्डा राहते. थोरली बहीण. आई गेल्यावर सूतगिरणीत राबून हिनेच त्यांना वाढवलं.

हिल्डाच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. नाताळाच्या आत शस्त्रक्रिया व्हायलाच हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सरकारी इस्पितळाच्या प्रतीक्षायादीत तिचा नंबर नोव्हेंबरअखेर लागणार होता.

"इतकं कशाला ताणायचं? उद्या लंडनला चल, खासगीत करू," साहेब म्हणाले.

"आणि शेजारची एडना? ती माझ्या पुढे आहे यादीत. तिला काय सांगू, माझा भाऊ श्रीमंत आहे, तू थांब?"

"तिचा खर्चही मी करतो."

"तिच्या पुढे आपला टपालवाला. त्याच्या पुढे आणखी दोनशे. एवढे सर्जन कुठून आणशील, बाजारातून?"

साहेब निघायला उठले. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय! परतताना गाडीतूनच त्यांनी इस्पितळाच्या एका विश्वस्ताला फोन लावला. मला सगळं ऐकू येत होतं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नोकरीच्या भीतीने मी रस्त्याकडे बघत राहिलो.

आठवड्यात हिल्डाला पत्र आलं: अचानक जागा झाली आहे, मंगळवारी या. ती पत्र घेऊन एडनाकडे गेली. एडनाला काहीच आलं नव्हतं. हिल्डाला काय ते कळलं, आणि तिने तिथूनच कळवून टाकलं की ही तारीख मला नको.

दिलेली तारीख नाकारली की नाव यादीच्या तळाला जातं. हिल्डाचा नंबर आता एप्रिलात गेला.

तिचा निरोप मिळताच आम्ही रॉचडेल गाठलं.

"मी बोलतो पुन्हा त्यांच्याशी," साहेब म्हणाले.

"पुन्हा?" एवढ्यानेच हिल्डाला धाप लागली.

"मग मी करू तरी काय, हिल्डा? सांग ना."

"काही करू नकोस, नॉर्म. माझ्यासाठी एवढं तरी जमव."

ते तिच्यासमोर खुर्चीत बसले, रिकामे हात मांडीवर ठेवून. मला ते बघवेना.